पहिली स्पोर्ट बाइक: १५५, २००, ३१० की थेट ३९०?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय २४, उंची ५ फूट ६ इंच, वजन ६२ किलो. गाव कराडजवळ, नोकरी चाकणला. कॉलेजपासून वडिलांची स्प्लेंडर चालवतोय, अजून तीच आहे. आता पगार सुरू होऊन दोन वर्षं झाली, घरचं कर्जही फिटलं, त्यामुळे आईने (नाइलाजाने) परवानगी दिलीय. बजेट ऑनरोड साडेतीन लाखांपर्यंत, पण सगळे खर्च झालेच पाहिजेत असं नाही.

वापर असा: रोज भोसरी ते चाकण, म्हणजे ट्रॅफिकच ट्रॅफिक. महिन्यातून एकदोनदा पुणे-कराड. आणि मनात बरेच दिवस घाट आहे. कुंभार्ली घरापासून जवळ, पुण्यातून ताम्हिणी. स्पोर्ट बाइकच हवी, ते ठरलंय; 'बुलेट घे' म्हणणाऱ्यांनी कृपया क्षमा करावी.

डोळ्यासमोर यामाहाची आर१५ (१५५ सीसी), केटीएमची आरसी २००, टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० आणि केटीएमचीच आरसी ३९० आहेत. मित्र म्हणतात ३९० घे, नाहीतर सहा महिन्यांत कंटाळशील. शोरूममधला माणूसही तेच म्हणतो. सहा महिन्यांत खरंच कंटाळा येतो का? आणि गाडी *चांगली* चालवायला शिकायचं कुठे आणि कसं? नुसती पळवायची नाहीये.

खडूसकाका
किती देती?

(विचारणं आमचं कर्तव्य आहे. चालू द्या.)

तीनशेनव्वद
नावावरून पक्ष कळलाच असेल :)

माझं मत स्पष्ट आहे. बजेट असेल तर ३९०. लोक नवशिक्यांना घाबरवतात, पण हायवेवरची गोष्ट कोणी सांगत नाही. नोव्हेंबर ते मार्च कराड-सातारा पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाखाली गेलेला. त्यांना ओलांडताना गाडीत जीव पाहिजे. १५५ची गाडी नव्वदच्या पुढे गेली की तिच्याकडे शिल्लक फार राहत नाही, चढावर तर नाहीच. ३९० ला सहाव्या गिअरमध्येही मनगट जरा वळवलं की ट्रॉली मागे. शिल्लक ताकद ही सुरक्षितताच आहे.

दुसरं, पहिली गाडी दोन वर्षांत विकून दुसरी घेतली की त्यात पैसे जातात. एकदाच घ्या, सावकाश शिका. मनगट तुमचंच आहे, वळवायचं किती ते तुम्ही ठरवा.

आणि हो, ट्रॅफिकमध्ये मांड्या भाजतात. हे प्रामाणिकपणे सांगतो.

रेवा_पुणे
वरच्या शेवटच्या वाक्यासाठी +१, बाकीसाठी नाही.

मी ५ फूट २ इंच. आर१५ चालवते, सीट ८१५ मिमी, पाय अर्धेच टेकतात. तरीही जमतं, कारण गाडी १४२ किलोची आहे. कलती झाली तरी एका पायावर तोलता येते. सिग्नलला उतारावर थांबले, बाजूला रिक्षा घुसली, मागून बस हॉर्न मारतेय, अशा वेळी ३९० पेक्षा हे तीस किलो कमी असणं म्हणजे काय ते ज्याला कळायचं त्याला कळतं. स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात ते दिसत नाही.

कृष्णाकाठ, तू रोज भोसरी-चाकण करणार म्हणतोस. नाशिक फाट्यापासून पुढे तो रस्ता सकाळी साडेआठला बघितलायस ना? तिथे तुझा दिवसातला दीड-दोन तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाणार. क्लिपऑन (स्पोर्ट बाइकच्या खाली बसवलेल्या) हँडलवर वाकून. पहिल्या महिन्यात मनगटं आणि मान बोलायला लागतात. उपाय आहे: टाकी गुडघ्यांनी घट्ट धरायची, वजन पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंवर घ्यायचं, कोपरं सैल. हँडलवर तळहातांचं ओझं टाकायचंच नाही. बसल्या बसल्या हँडलवर हाताने पियानो वाजवता आला पाहिजे इतके हात मोकळे हवेत. हे एकदा जमलं की दुखणंही जातं आणि गाडी वळतेही चांगली.

मला विचारशील तर १५५ किंवा २००. कंटाळा यायला आधी ती गाडी पूर्ण वापरून तर संपली पाहिजे.

पान्हा-पक्कड
धागाकर्त्याने विषय सीसीवर आणलाय म्हणून थोडी मास्तरकी करतो. गॅरेजवाला आहे, चालवून घ्या.

सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होताना किती जागा व्यापतो ते. बस्स. त्यावरून गाडी किती तापट हे कळत नाही. उदाहरण घरचंच घ्या. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चं (आपल्या भाषेत बुलेटच) इंजिन ३४९ सीसी, ताकद साधारण २० पीएस (पीएस म्हणजे अश्वशक्ती). आर१५ चं इंजिन १५५ सीसी, ताकद १८.४ पीएस. निम्म्याहून लहान इंजिन आणि ताकद जवळपास तेवढीच! कारण बुलेटची पूर्ण ताकद सहा हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास निघते, आर१५ ची दहा हजारांवर. ७,४०० च्या पुढे तिच्यात व्हीव्हीए नावाची व्यवस्था इनटेक व्हॉल्व्हचा कॅम बदलते, तेव्हा गाडीचा आवाजच बदलतो.

वरच्या टोकालाही तेच. कावासाकीची निंजा ६५० दोन सिलिंडरची, ६४९ सीसी, ६८ पीएस. त्याच घरची झेडएक्स-६आर चार सिलिंडरची, ६३६ सीसी, ताकद सव्वाशे पीएसच्या आसपास. सीसी तेरा *कमी*, ताकद जवळपास दुप्पट. पहिली गाडी शहाण्या माणसाला घरी सुखरूप आणते. दुसरी ट्रॅकसाठी बनवलेली आहे.

तेव्हा किलोमागे ताकद बघा. टनाला किती पीएस असा हिशेब केला की चित्र असं येतं: क्लासिक १०४ च्या घरात, आर१५ १३०, आरसी २०० साधारण १५५, आरआर ३१० (नवी, ३८ पीएसवाली) २१८, आरसी ३९० २५३. म्हणजे आर१५ वरून ३९० वर उडी मारली की प्रत्येक किलोमागे जवळपास दुप्पट ताकद हातात येते. तुझी स्प्लेंडर ७० च्या आसपास आहे, भावा. तिथून ३९० म्हणजे साडेतीन पट.

खिशाचंही सांगतो, कारण शोरूमवाला सांगणार नाही. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आणि वरच्यांवर ४० टक्के. ३९० चं इंजिन ३७३ सीसी, म्हणजे रेषेच्या पलीकडे. थर्ड पार्टी विम्याचीही रेष तीच: २०२२ साली ठरलेल्या दरांत नव्या गाडीचा पाच वर्षांचा हप्ता १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये, जीएसटी वेगळा. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड सगळ्यालाच मग तो हिशेब लागतो. आणि पडली तर फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं आवरण. फेअरिंगचं बिल बघून रडलेले लोक मी रोज बघतो.

खडूसकाका, आर१५ सरळ चालवली तर चाळीसच्या वर देते. ३९० कडून पंचवीसच्या पुढे फार अपेक्षा ठेवू नका.

तीनशेनव्वद
पान्हादादा, आकडे मान्य. पण ट्रॉलीच्या मुद्द्याला उत्तर मिळालं नाही.

घाटमाथा
ट्रॉलीच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो.

ओव्हरटेक चुकतो तो बहुतेक वेळा ताकद कमी पडली म्हणून नाही, समोरचं पूर्ण दिसायच्या आधी सुरू केला म्हणून. कमी ताकदीची गाडी तुला थांबायला लावते, मोकळा पट्टा शोधायला लावते, आधीच एक गिअर खाली घ्यायला लावते. नवशिक्याला नेमकं हेच शिकायचं असतं. ३९० वर ते न शिकताही ट्रॉली मागे पडते, आणि म्हणूनच ते शिकायचं राहून जातं. शिवाय चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीची मर्यादा ८० आहे. एक्सप्रेसवेवर आपल्याला प्रवेश नाही, समृद्धीवर नाही, अटल सेतूवर नाही. ३९० ची वरची अर्धी ताकद महाराष्ट्रात वापरणार कुठे?

तीनशेनव्वद यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, ते चांगलं चालवतही असतील. पण 'मनगट तुमचंच आहे' हे वाक्य मला पटत नाही. पहिल्या वर्षी मनगट आपलं नसतं. खड्डा आला, अंग मागे गेलं, की मनगट आपोआप वळतं. आर१५ वर त्याने गाडी जराशी पुढे सरकते. ३९० दुसऱ्या गिअरमध्ये सहा-सात हजारांवर असेल तर समोरच्या टेम्पोत जाते.

आता शिकण्याबद्दल, कारण धाग्यातला खरा प्रश्न तो आहे आणि त्यावर कोणीच बोललं नाही.

सगळ्यात आधी ब्रेक. थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. कोरड्या चांगल्या डांबरावर, उत्तम ब्रेक मारला तरी ६० वरून थांबायला साधारण १८ मीटर लागतात, १०० वरून ४९ मीटर. त्यात डोळ्याला दिसून बोटं लिव्हरवर जाईपर्यंतचा एक सेकंद मिळव: ६० ला १७ मीटर, १०० ला २८. म्हणजे एकूण ३५ आणि ७७. हे अंतर पावलांनी मोजून एकदा रस्त्यावर उभा राहून बघ, डोळे उघडतील.

पुढचा ब्रेक बहुतेक काम करतो. स्प्लेंडरच्या सवयीने आपण मागच्यावर नाचतो, ती सवय मोडायची. पण पुढचा ब्रेक झटका देऊन मारायचा नाही. लिंबू पिळल्यासारखा: आधी हलका, पुढचे शॉक दबले आणि वजन पुढच्या टायरवर आलं की मग जोर. हा क्रम अर्ध्या सेकंदाचा आहे, पण तोच सगळा खेळ आहे. वजन यायच्या आधी जोर दिला तर टायर घसरतो किंवा एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था) लागून थांबण्याचं अंतर वाढतं. चाकण एमआयडीसीतला एखादा रुंद मोकळा रस्ता गाठ, कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी असते त्या दिवशी सकाळी. आधी ४० वरून, मग ६० वरून. एबीएस लिव्हरमध्ये थरथरतो तो अनुभव पहिल्यांदा तिथे घे, खंबाटकी घाटात नको.

दुसरं वळण. गाडी हँडल फिरवून वळते असं स्प्लेंडरवर वाटत राहतं. तिशीच्या वर तसं नसतं. उजवीकडे वळायचं तर *उजवं* हँडल पुढे ढकलायचं. पुढचं चाक क्षणभर डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे कलते. विश्वास बसणार नाही, म्हणून सरळ रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगाने उजव्या तळहाताने हलकासा दाब देऊन बघ. सगळे हे नकळत करतातच. जाणूनबुजून करता आलं की अचानक समोर आलेलं कुत्रं चुकवता येतं.

तिसरी नजर. जिकडे नजर तिकडे गाडी. खड्ड्याकडे बघितलं की खड्ड्यात जाणार, दरीच्या कठड्याकडे बघितलं की कठड्यावर. वळणात हनुवटी वळवायची, वळण जिथे संपतंय तिथे.

चौथं, घाटातली जागा. याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण यावर माणसं मरतात. आपण डाव्या बाजूने चालतो. उजव्या वळणात गाडी उजवीकडे कलली की टायर आपल्या पट्ट्यात असतात, पण डोकं आणि खांदा मधल्या रेषेच्या पलीकडे गेलेले असतात. समोरून एसटी आली तर ती तुझ्या टायरला नाही, डोक्याला लागणार. म्हणून उजव्या वळणात रेषेपासून चांगलं लांब, पट्ट्याच्या डाव्या निम्म्यात. डाव्या वळणात उलट अडचण: आत कडेला खडी, माती, पावसाळ्यात डोंगरावरून आलेला राडा, आणि वेग जास्त झाला की गाडी बाहेर, म्हणजे समोरच्याच्या पट्ट्यात जाते. तेव्हा दोन्हीकडे नियम एकच. वळायच्या आधी सरळ गाडीवर ब्रेक मारून घ्या, गिअर खाली घ्या, आणि वळणाचा शेवट दिसेपर्यंत आत शिरायची घाई करू नका. शेवट दिसला की आत वळा आणि थ्रॉटल हळूहळू उघडत बाहेर पडा. हेअरपिनला (जवळपास उलट फिरणाऱ्या वळणाला) वरून एसटी किंवा ट्रक येत असेल तर तो पूर्ण रस्ता घेणारच, त्याच्याकडे दुसरा इलाजच नसतो. हॉर्न ऐकू आला की खालीच थांबायचं. पुढे जाऊन 'माझा पट्टा' म्हणून भांडायचं नाही.

कराडहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा जुना बोगदा संपला की लगेच तो एस आकाराचा उतार आहे, तुला माहीत असेलच. बोगद्यातल्या वेगाने तिथे पोचायचं नाही.

ताम्हिणी मात्र शनिवार-रविवारी नको. धबधब्याखाली नाचणारे, रस्त्यात लावलेल्या गाड्या, धुकं. तुला सुट्टी कधी असते?

श्टुटगार्टकर
मूळचा नगरचा, सध्या जर्मनीत. इथली पद्धत सांगतो, कारण धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे कायद्यातच लिहिलेलं आहे.

आपल्याकडे 'गिअरवाली मोटरसायकल' हा एकच परवाना. शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढला की दुसऱ्या दिवशी हजार सीसीची घ्यायला कोणी अडवत नाही. इथे पायऱ्या आहेत. सोळाव्या वर्षी ए१: १२५ सीसी, ११ किलोवॅट. अठराव्या वर्षी ए२: ३५ किलोवॅटपर्यंत, आणि किलोमागे ०.२ किलोवॅटच्या वर नाही. दोन वर्षं ए२ चालवून परत परीक्षा दिली की मग अमर्याद. थेट अमर्याद हवा तर वय २४.

परीक्षेत काय असतं? ५० च्या वेगाने येऊन धोक्याचा ब्रेक. त्याच वेगाने ब्रेक न मारता अडथळा चुकवणं, म्हणजे घाटमाथा म्हणतायत तेच हँडल ढकलणं. चालण्याच्या वेगाने शंकूंमधून नागमोडी. आणि त्याआधी बारा सक्तीचे तास: पाच गावाबाहेरच्या रस्त्यांवर, चार ऑटोबानवर, तीन रात्री. शिक्षक मागून कारमध्ये किंवा बाइकवर, कानात त्याचा आवाज. फी वाचून माझ्या वडिलांनी विचारलं होतं, 'एवढ्यात गाडी नसती आली का?'

एक गंमत. एप्रिलियाची आरएस ४५७ तुमच्या बारामतीत बनते. तिची ताकद ४७.६ पीएस. कारण ३५ किलोवॅट म्हणजे बरोबर ४७.६ पीएस. वजन १७५ किलो. आता ३५ ला १७५ ने भागा. ०.२! म्हणजे बारामतीत बनणाऱ्या गाडीचं वजन-ताकद ठरलं ते युरोपातल्या पोरांच्या परवान्यावरून. आणि ज्या गाडीला इथे मधली पायरी म्हणतात ती आपल्याकडे 'सुपरबाइक' म्हणून मिरवते.

या हिशेबाने आर१५ तुझ्यासाठी ए१ च्या थोडी वर, ३९० ए२ च्या वरच्या टोकाला. इथला कोणीही शिक्षक तुला आधी खालची दे म्हणेल.

तीनशेनव्वद
भागाकार आवडला. तरी एक म्हणतो: आरआर ३१० चा विचार करा. तिच्यात रेन आणि अर्बन मोडमध्ये ताकद मुद्दाम कमी करून मिळते. पहिलं वर्षभर अर्बनवर ठेवा, मग उघडा. सीट ८१० मिमी, तुमच्या उंचीला ठीक. आणि ३५० च्या आत आहे, कर १८ टक्के. हा माझा तहाचा प्रस्ताव समजा.

रेवा_पुणे
मोड बदलायचं बटण डाव्या अंगठ्याखालीच असतं हो. चोविसाव्या वर्षी ते किती दिवस अर्बनवर राहील?

पण प्रस्ताव वाईट नाही.

कृष्णाकाठ
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. घाटमाथा काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलाय. सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे एमआयडीसी आणि ताम्हिणी दोन्ही रिकामे.

काल भोसरीत एकाच दिवशी आर१५ आणि ३९० दोन्हींची टेस्ट राइड घेतली. आर१५ वरून खाली उतरताना हसत होतो. ३९० वरून खाली उतरलो तेव्हा लक्षात आलं की पूर्ण वेळ मी वेगाकडेच बघत होतो, रस्त्याकडे कमी. सेल्समन म्हणाला सवय होते. मला ते वाक्य आवडलं नाही.

ऑफिसातला एक जण त्याची आर१५ व्ही४ विकतोय. ती घेतली तर बरेच पैसे उरतात. ते कशावर घालू? जॅकेट वगैरे खरंच एवढं लागतं का, की दिखावा?

हाडवैद्य
अस्थिव्यंग विभागात काम करते, त्यामुळे एवढ्या एका प्रश्नासाठी लॉगिन झाले.

पडताना माणूस हात पुढे टाकतो. नेहमी. म्हणून मनगट आणि तळहात पहिले. हातमोज्यांत तळहातावर सरकणारा कडक तुकडा असलेले घ्या, कापडी नको. मग घोटा: बूट घोट्याच्या वर जाणारे, नाडी बाहेर न लोंबणारी. मग गुडघा, आणि खांद्याच्या बाजूने पडल्यावर कॉलरबोन. जॅकेटमधलं आर्मर (संरक्षक पॅड) जागेवर बसलं पाहिजे. दुकानात जॅकेट घालून कोपरावर हात दाबून फिरवून बघा. आर्मर सरकत असेल तर पडल्यावरही सरकणार, मग ते नुसतं ओझं आहे. उन्हाळ्यासाठी जाळीचं घ्या, नाहीतर मार्चनंतर ते कपाटात राहील.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं. हनुवटीचा भाग उघडा असलेलं म्हणजे जबड्याचं काम आमच्याकडे. आयएसआय खूण सक्तीचीच आहे, त्याबरोबर ईसीई २२.०६ (युरोपातलं मानक) असेल तर उत्तम. गालांना घट्ट बसलं पाहिजे, बोलताना गाल किंचित चावले जातील इतकं. पट्टा लावून मागून पुढे ओढून बघा, निघता कामा नये. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बाद. म्हणून जुनं हेल्मेट कोणाकडून घेऊ नका, मित्राकडूनही नाही.

दिखावा? जीन्स डांबरावर किती टिकते ते मी बघते. जखमेत रुतलेलं ते कापड रात्री दोनला चिमट्याने काढावं लागतं.

खडूसकाका
जेवताना वाचत होतो. ठेवलं ताट बाजूला.

घाटमाथा
उरलेल्या पैशांतला एक भाग ट्रॅकसाठी ठेव. पुण्याहून लांब आहे, पण चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे आणि कोइंबतूरजवळ कारी मोटर स्पीडवे. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग चेन्नईच्या ट्रॅकवर होत आलेत. तिथे पहिल्या दिवशी वेग शिकवत नाहीत. गिअर न बदलता, ब्रेक न वापरता नुसत्या थ्रॉटलवर ट्रॅक फिरायला लावतात, म्हणजे वळणात शिरताना वेग किती हवा हे डोळ्यांना ठरवावं लागतं. लहान गाडी घेऊन गेलास तरी लाजू नको. तिथे आर१५ वाले मोठ्या गाड्यांना वळणात आतून काढतात, सरळ रस्त्यावर मागे पडतात, परत वळणात काढतात. बाइक शर्यतींतला व्हॅलेंटिनो रॉसीसुद्धा १९९७ साली १२५ सीसी गटामध्ये विश्वविजेता झाला, १९९९ ला २५० मध्ये, आणि मग २००१ ला ५०० मध्ये. त्याला कंटाळा आला नाही.

घाटात ट्रॅकचं वळण काढायचं नाही मात्र. गुडघा टेकवायचं वेड ट्रॅकवरच सोडून यायचं. घाटात खडी कुठे आहे ते सांगायला ट्रॅकसारखे ब्रेकिंग मार्कर (ब्रेक कुठे मारायचा ते दाखवणाऱ्या पाट्या) नसतात.

पान्हा-पक्कड
जुनी आर१५ घेतोयस तर थांब, हे बघून घे. ऑफिसातला माणूस चांगला असेलच, गाडी चांगली आहे का ते वेगळं.

आधी फोन करून सांग: 'मी यायच्या आधी चालू करू नकोस.' इंजिनाला हात लावून थंड आहे ना ते बघ, मग थंड स्टार्ट कर. हँडलच्या टोकांचे बार-एंड आणि फूटरेस्टची टोकं बघ. तिथे घासल्याच्या खुणा म्हणजे पडली आहे. एका बाजूला असतील तर उभ्या उभ्या पडली असेल, हरकत नाही. दोन्ही बाजूंना असतील तर प्रश्न विचार. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून चेसिसवरचा स्टॉपर बघ. तो चेपलेला किंवा परत रंगवलेला असेल तर जोरात ठोकली आहे. नमस्कार करून ये.

पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरव. मध्यभागी अडकल्यासारखं, खट्कन बसल्यासारखं झालं तर स्टिअरिंगचा कोन सेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय. शॉकच्या चकचकीत दांडीवर बोट फिरव, तेलकट लागलं तर सील गळतंय. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झिजून टोकदार झाले असतील तर चेन-स्प्रॉकेट संच बदलावा लागेल, तेवढे पैसे कमी कर. टायरवर चार आकडी तारीख असते: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर कडक होतो, पावसात धरत नाही. फेअरिंगचे स्क्रू सगळे एकसारखे आहेत का? एखादा वेगळा, एखादा गायब, म्हणजे ती उघडली आहे. का उघडली ते विचार.

सायलेन्सर बदललेला असेल तर मूळ सायलेन्सर मागून घे, पोलीस तुलाच पकडणार. आरसीवर (नोंदणीपत्रावर) बँकेचा बोजा आहे का, आणि ई-चलनं किती बाकी आहेत ते परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघ. ऑफिसच्या ओळखीत लोक हे विचारायला लाजतात.

आणि घेतल्यावर पहिलं काम: कूलंट, इंजिन ऑइल, ब्रेक फ्लुइड तिन्ही नवीन. ब्रेक फ्लुइड चहाच्या रंगाचं झालेलं असतं आणि कोणी बदलत नाही.

रेवा_पुणे
त्याच्यात क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर वर घेऊ देणारी सोय) असेल तर पहिले काही महिने वापरू नकोस. क्लच आणि थ्रॉटल जुळवून गिअर वर-खाली घ्यायला शिक आधी. स्लिपर क्लच (झटक्यात गिअर खाली घेतला तरी मागचं चाक अडखळू न देणारा) चुका झाकतो, शिकवत नाही.

तीनशेनव्वद
हरलो, मान्य :) दोन वर्षांनी ३९० घ्यायची झाली तर आधी मला विचार. माझी तोवर विक्रीला असेल.

कृष्णाकाठ
स्टॉपर ठीक आहे. डावा बार-एंड घासलेला आहे, तो म्हणाला पार्किंगमध्ये स्टँडवरून पडली. उजवी बाजू स्वच्छ. टायरवर १४२१, म्हणजे दोन्ही बदलायचे. तीन ई-चलनं निघाली, त्यालाही माहीत नव्हती, भरतो म्हणाला. किंमत टायरांएवढी खाली आणली.

पान्हादादा, मागच्या टायरला मूळ मापाचाच घालू ना? तो म्हणतोय एक माप रुंद टाक, भारी दिसतं.

पान्हा-पक्कड
मूळ मापाचाच. रुंद टाकलास तर त्या रिमवर टायर गोल बसतो, गाडी वळायला जड होते आणि चेन गार्डला घासूही शकतो. दिसतं भारी.